शेपूट जड निघाली

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर डॉक्टरांच्या मते 'बरी'.

माझं फोम बोर्डचं रिमोटवर उडणारं छोटं विमान जोडून झालं आणि शेपूट जड निघाली. घरात हे सांगून उपयोग नाही, "मग पुढे काहीतरी बांधा" एवढंच ऐकायला मिळतं. तूही तेच म्हणणार, पण निदान हिशोब बघून म्हणशील.

पंख १२०० मिलिमीटर लांब, २०० रुंद. तोल, म्हणजे जिथे उचललं की विमान आडवं राहतं ती जागा, पंखाच्या पुढच्या कडेपासून ५६ वर हवा, म्हणजे रुंदीच्या २८ टक्क्यांवर. बॅटरीसकट वजन ८०० ग्रॅम, आणि पंखाखाली दोन बोटं धरून उचललं तर तोल ७८ वर! असं हातातून सोडलं की नाक वर काढणार, वेग जाणार आणि एक पंख टाकून खाली. २२ मिलिमीटर गुणिले ८००, म्हणजे १७,६०० ग्रॅम-मिलिमीटर भरून काढायचे. १८० ग्रॅमची थ्री-एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी मोटरमागच्या प्लायला टेकेपर्यंत ६० पुढे सरकते, त्यात १०,८०० सुटले. उरले ६,८००. गाडी तिथे अडलीय.

नाकात शिसं, हा तुझा उपाय मला पाठ आहे. तोलाच्या २५० पुढे २७ ग्रॅम लागेल. शेपूट मात्र तोलापासून ५५० मागे आहे, त्यामुळे तिथले साडेबारा ग्रॅम काढले तरी तेच काम होतं. शिवाय नाकावर आपटलं की शिसंच आधी फोम फाडून बाहेर येतं. पक्याच्या गच्चीवर यावरून दोन तास भांडलोय, पुन्हा नको.

आता शेपटीत आहे काय? तुझ्या आराखड्यातले ९ ग्रॅमचे दोन सर्वो, म्हणजे शेपटीचे पडदे हलवणाऱ्या छोट्या मोटरी, महाराज! सर्वोपासून पडद्यापर्यंतची दांडी आखूड तर ढिलाई कमी, हे कबूल. पण ते ४०० पुढे, पंखाखाली आणले की १८ गुणिले ४००, म्हणजे ७,२००. प्रश्न मिटला असं वाटतं, तेवढ्यात दांड्या आडव्या येतात. दीड मिलिमीटरची पोलादी तार ४५० लांब घेतली तर एकेक सहा ग्रॅमची, तिचा मध्य तोलाच्या ३०० मागे. निम्मी कमाई तिथेच खलास. शिवाय ढकलताना ती मध्ये बाक घेते आणि एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा पडदा, अर्धाच हलतो.

म्हणून बांबूची कामटी. ३ मिलिमीटर गोल तासायची, दोन्ही टोकांना तारेचा तुकडा दोऱ्याने आवळून फेविक्विकचा थेंब, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी. तीन ग्रॅममध्ये बसते. फेविक्विक उघड्या फोमला लागू द्यायचं नाही, खड्डाच पडतो. मध्ये दोन ठिकाणी स्ट्रॉचे तुकडे चिकटवले की दांडी डगमगत नाही. एवढं करून १,४०० उरतात, तोल ५८ च्या आत येतो. सर्वोंच्या एक्स्टेन्शन वायरी निघतील तो फायदा वेगळा.

दादा म्हणतो, शेपटीच्या फोमला दोन्ही बाजूंनी चिकटलेला कागद एका बाजूने सोलून टाक. अजिबात नको. उरलेला कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि शेपूट पापडासारखी वळते. दोन्ही बाजूंनी सोलली तर ताठपणाच गेला. त्यापेक्षा हॉट ग्लूवर हात आखडता घेतलेला बरा, जाड कांडी वीसेक ग्रॅमची असते आणि शेपटीच्या सांध्यात पाव कांडी सहज जिरते.

तिकडे बोर्ड घेताना नुसता 'सनबोर्ड' मागू नकोस, पीव्हीसीचा हातात ठेवतात. ५ मिलिमीटरचा कागदी फोम बोर्ड चौरस मीटरला अर्ध्या किलोच्या आसपास, पीव्हीसीचा त्याच्या चौपट तरी. त्याचा पाट होईल, विमान नाही.

चिनूच्या ॲडमिशनचं काय झालं? छप्पर गळायचं थांबलं का? वहिनींना नमस्कार.

तुझ्या नव्या विमानाची शेपूट अजून कापली नसशील तर थांब आणि आधी फोन कर. रात्री नऊनंतर, त्याआधी आईची मालिका असते.

तुझा,
बाळ्या