दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ

पुणे,
डिसेंबर

चि. ऋता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या सकाळी आपल्या घोड्याला, मल्हारला, घेऊन तू घोडेस्वारीच्या स्पर्धेच्या तळावर जाशील आणि पुढचे चार दिवस त्याच्या पाण्यापासून नालांपर्यंत सारे काही तुलाच पाहायचे आहे. हे फोनवरही सांगता आले असते. परंतु धावपळीत ऐकलेले लक्षात राहत नाही, म्हणून लिहून तुझ्या ट्रंकेत खराऱ्याखाली ठेवत आहे. मी तिथे प्रेक्षकांतच बसणार आहे. घोड्याची डॉक्टर म्हणून नव्हे, आई म्हणून.

तळावर पोहोचल्यावर त्याला नव्या ठाणावर तासभर शांत उभे राहू दे आणि मग नाडी, श्वास व ताप मोजून वहीत लिही. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि तापमान साधारण 37.2 ते 38.3 अंश सेल्सियस असते, हे तुला पाठ आहे. पण पुढे उपयोगी पडणार आहेत ते मल्हारचे स्वतःचे आकडे. रोज पहाटे, दाणा देण्यापूर्वी, तेच पुन्हा मोज. तो टँकरच्या पाण्याला नाक मुरडतो, म्हणून आपल्या पागेतले पाणी दोन कॅनमध्ये भरून ने आणि पहिल्या दिवशी त्यात तिथले पाणी थोडे थोडे मिसळत जा. पाणी बादलीनेच पाज, म्हणजे किती प्यायला हे कळेल. एवढ्या थोराड घोड्याला दिवसाला 25 ते 45 लिटर लागते.

खाण्यात काहीही नवे करू नकोस. तीच लसूणघास, तेच वाळले गवत, तोच ओट. घोड्याचा घाम त्याच्या रक्ताहून खारट असतो, त्यामुळे मीठ मात्र विसरू नकोस. क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानातले अडथळे ओलांडत पळण्याच्या फेरीच्या, आधी चार तास दाणा बंद ठेव. आणखी एक गोष्ट मोतद्दार मामांना आदराने, पण स्पष्ट सांग. मल्हारच्या प्रेमापोटी ते कपातला उरलेला चहा त्याच्या ओठांना लावतात. स्पर्धेत कॅफीन हे निषिद्ध द्रव्य आहे. मिरचीतले कॅप्सेसिनही तसेच; 2008 च्या ऑलिंपिकमध्ये त्याच्यापायी उडीच्या स्पर्धेतले घोडे बाद झाले होते. म्हणून तळावर कुणी कितीही आपुलकीने मालिशचे तेल किंवा जडीबुटीची पूड पुढे केली, तरी घेऊ नकोस.

पहिली तपासणी आणि ड्रेसाज, म्हणजे ठरावीक चाली दाखवण्याची फेरी, यांबद्दल मी फार लिहीत नाही. आयाळीच्या वेण्या तुला माझ्यापेक्षा चांगल्या जमतात, आणि नालबंदाने आठवड्यापूर्वीच नाल बदलले आहेत, ते योग्यच झाले.

मला लिहायचे आहे ते दुसऱ्या, म्हणजे क्रॉसकंट्रीच्या, दिवसाबद्दल. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले, तेव्हा या दिवसाची रचना वेगळी होती. क्रॉसकंट्रीपूर्वी घोड्याला रस्त्यांवरचे लांब टप्पे आणि स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून वेगाने पळण्याची फेरी, पार करावी लागे, आणि त्यानंतर दहा मिनिटांचा सक्तीचा थांबा असे, जिथे पशुवैद्य नाडी-श्वास पाहून मगच घोड्याला पुढे सोडत. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकपासून ते टप्पे गेले आणि त्यांच्याबरोबर तो थांबाही गेला. अंतिम रेषेपाशी आजही पशुवैद्य असतात, पण मल्हारला रोज पाहणारी तिथे तू एकटीच असशील.

रेषा ओलांडलीस की उतर, खोगिराचा तंग आणि नाकपट्टा सैल कर आणि त्याला चालवत ठेव. थंड पाणी मान, छाती, पाठ आणि पुठ्ठ्यांवर सतत ओतत राहा. मध्ये थांबून अंगावरचे पाणी निपटत बसू नकोस. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतल्याने स्नायू आखडतात, असे जुनी माणसे तुला सांगतील. ती समजूत 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वी झालेल्या अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. डिसेंबरात पहाटे कितीही गारठा असला, तरी आपल्याकडे दुपारी ऊन चटके देते, आणि पाच-सहाशे किलोच्या शरीरातली उष्णता आपोआप निघत नाही. त्याला पाणीही पिऊ दे. दहा-पंधरा मिनिटांत नाडी 64 च्या खाली यायला हवी; आली नाही, तर त्याच क्षणी तिथल्या डॉक्टरांना बोलाव.

मग संध्याकाळी, तू कितीही दमलेली असलीस तरी, त्याच्या पायांचे बूट आणि पट्ट्या काढून, पाय धुऊन, कोरडे करून, प्रत्येक पायावरून गुडघ्यापासून खाली उलटा हात फिरव. तळहातापेक्षा हाताच्या पाठीला ऊब लवकर कळते. गाठी नसाव्यात, पायामागच्या दोन्ही कंडरा दोरीसारख्या सरळ लागाव्यात, आणि डाव्या पायाची उजव्याशी तुलना व्हावी. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटे टेकवून नाडी शोध. ती एरवी जेमतेम लागते, ठणाठणा उडत असेल तर खुरात काहीतरी आहे.

हे मी इतक्या बारकाईने लिहिते आहे, त्यामागे माझी एक चूक आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका संध्याकाळी एका घोडीच्या पुढच्या पायावर मला रुपयाएवढा ओला डाग दिसला. बाकी पाय कोरडे होते, तरी मी तो घामाचा समजले, कारण ती डौलात चालत होती आणि मला झोप अनावर झाली होती. तिथे केसांत बाभळीचा काटा मोडून सांध्याजवळ रुतला होता. पहाटे तो पाय घागरीसारखा सुजलेला होता आणि घोडी तो टेकवत नव्हती. पुढे कित्येक आठवडे तिच्यावर उपचार झाले. ती पुन्हा चालू लागली, पण उडी मारण्याइतकी कधीच बरी झाली नाही. तो डाग मला आजही दिसतो. म्हणून केस उलटे करून पाहा, टॉर्च लावून पाहा, आणि कोरड्या पायावर एकच ओला ठिपका दिसला तर बोट लावून पाहा.

बर्फाची लादी दुपारीच मागवून ठेव. फोडलेला बर्फ पाण्यात घालून त्यात त्याचे पाय एका वेळी वीस मिनिटे ठेवले की पुरे. रात्री त्याला दहा मिनिटे हातात धरून फिरव, कुशीला कान लावून आतड्यांचा आवाज ऐक आणि लीद किती वेळा पडली ते पाहा. एकाच जागी उभे राहून पाय सुजतात; फिरवल्यावर सूज उतरली तर चिंता नको. फिरवूनही एकच पाय गरम राहिला, तर तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांसमोर त्याला दुडक्या चालीने पळवण्याची वाट पाहू नकोस. तू स्वतःच त्याला मागे घे. वेदनाशामक देऊन चाल सरळ करण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर तो नियमांविरुद्ध आहेच, शिवाय दुखणाऱ्या पायाने उडी घेतलेला घोडा तुलाही घेऊन पडेल. दोन दिवसांचे गुण हातचे गेले, तरी घरी तुला कुणी एक शब्द विचारणार नाही; बाबांशी मी बोलले आहे.

थर्मामीटरला दोरा आणि चिमटा बांधून ठेवला आहे. चिमटा शेपटीच्या केसांना लाव, म्हणजे थर्मामीटर आत जाणार नाही. टॉर्चमध्ये नवे सेल घातले आहेत. क्रॉसकंट्रीच्या रात्री नऊ वाजता मी फोन करीन. तेव्हा आधी चारही पायांचे सांग, गुणांचे मग सांग.

तुझी,
आई