हायडॅटिड: ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्टवर गोळ्या ठरवू नका

संपादक महोदय,

शेळ्या-मेंढ्या आणि त्यांच्यामागे फिरणारी कुत्री विदर्भातल्या बहुतेक गावांत आहेत. कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुफ्फुसात ‘पाण्याची गाठ’, म्हणजे हायडॅटिड, होते; असे पेशंट इथे अधूनमधून सापडतात. निदान बहुधा नीट होते. घोळ होतो तो पुढे, उपचार लागू पडले की नाही हे ठरवताना. फायलीत ‘हायडॅटिड आयजीजी पॉझिटिव्ह’ असे कागद साचत जातात आणि त्यावरच अल्बेंडाझोल (या गाठीवरची जंतनाशक गोळी) वाढवले किंवा थांबवले जाते.

ही तपासणी गाठ मोजत नाही, गाठीविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीजी नावाची अँटिबॉडी मोजते. गाठ पूर्ण काढली तरी आयजीजी कित्येक वर्षे रक्तात राहू शकते. ऑपरेशननंतर किंवा सुईने पाणी काढल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत तर ती वाढते, कारण गाठीतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो. त्या वाढीला ‘रोग उलटला’ म्हणणे चूक आहे. उलट बाजूही तितकीच फसवी. फुफ्फुसातली गाठ, अगदी कोवळी अखंड गाठ किंवा चुना साचून निवलेली गाठ असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्यांमुळे होणारा सिस्टिसर्कोसिस असलेल्या पेशंटमध्ये खोटा पॉझिटिव्हही येतो.

तरी ही तपासणी टाकाऊ नाही. ती नीट वापरायची तर पहिला नमुना उपचाराआधीच घ्यावा, नाहीतर पुढचे आकडे कशाशी ताडणार? पुढचे नमुने त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने तपासावेत. एलायझा आणि हिमॅग्लुटिनेशन या अँटिबॉडी मोजण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत; एलायझाचा आकडा आणि हिमॅग्लुटिनेशनचा टायटर (सीरम किती पट पातळ केले तरी तपासणी पॉझिटिव्ह येते ते प्रमाण) एकमेकांशी जुळवता येत नाहीत. किट बदलले तरी एलायझाचा आकडा हलतो. टायटर दुपटीच्या पायऱ्यांनी चढतो, म्हणून 1:160 चे 1:320 होणे तपासणीच्या चुकीतच मोडते. चौपट फरकालाच अर्थ आहे. सर्वांत उत्तम म्हणजे जुने सीरम उणे 20 अंशांवर जपून ठेवावे आणि नव्यासोबत एकाच प्लेटवर लावावे. वर्षा-दोन वर्षांत उतरत आलेला आकडा पुन्हा चढला, तर गोळ्या सुरू करू नका, आधी सोनोग्राफी करा.

कारण खरा निवाडा सोनोग्राफीचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत गाठीच्या सीई1 ते सीई5 अशा अवस्था आहेत. सीई1 आणि सीई3ए, त्यातही 5 सेंमीपेक्षा लहान, गाठींना अल्बेंडाझोल चांगले लागू पडते. आत छोट्या पिल्ल-गाठी असलेल्या सीई2 आणि सीई3बी गाठींना कमी. सीई4 आणि सीई5 निष्क्रिय असतात. त्रास नसेल तर नुसती नजर ठेवावी. नेमक्या अशाच पेशंटला ‘पॉझिटिव्ह’ पाहून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकते. सोनोग्राफी सुरुवातीला 3 ते 6 महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, किमान 5 वर्षे करावी. फुफ्फुसासाठी एक्स-रे किंवा सीटी लागतो.

गोळीबद्दलही थोडे. मोठ्या माणसाला साधारणपणे 400 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, तेही तेलातुपाच्या जेवणासोबत. उपाशीपोटी घेतलेली गोळी फारच कमी शोषली जाते. आकडा उतरत नाही याचे कारण कधीकधी एवढेच असते. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी यकृताच्या आणि पांढऱ्या पेशींच्या तपासण्या हव्यात. गरोदरपणात हे औषध टाळतात, म्हणून आधी खात्री करून घ्यावी. आणि शाळेत जंतनाशक दिनाला मिळणाऱ्या एका गोळीने ही गाठ जात नाही, हे आशाताईंनी घरोघरी सांगावे.

आमची मागणी साधी आहे. सोनोग्राफी सेंटरांनी रिपोर्टमध्ये ‘हायडॅटिड सिस्ट’ एवढ्यावर न थांबता अवस्था आणि सेंमीतले माप लिहावे. लॅबनी पद्धत, किटचे नाव आणि प्रत्यक्ष आकडा छापावा. नुसते ‘पॉझिटिव्ह’ आमच्या उपयोगाचे नाही.

— ग्रामीण भागात काम करणारे काही डॉक्टर व लॅब तंत्रज्ञ, जि. यवतमाळ