‘बायझंटाइन’ हे नाव मागाहूनचे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील इस्तंबूलवरील लेख वाचनीय आहे. मात्र तेथील पूर्व रोमन साम्राज्याची प्रजा स्वतःला ‘बायझंटाइन’ म्हणवीत असे, हे त्यातील विधान दुरुस्त करायला हवे. मेगारा येथील ग्रीकांनी इ.स.पूर्व सातव्या शतकात वसवलेल्या बायझंटियममध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३० साली नवी राजधानी स्थापली, तेव्हापासून १४५३मध्ये ऑटोमन तुर्कांनी ती जिंकेपर्यंत तेथील लोक, ग्रीक बोलत असूनही, स्वतःला रोमनच समजत. साम्राज्याला शहराच्या जुन्या नावाने ओळखण्याची प्रथा हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताच्या १५५७मधील ग्रंथापासून, म्हणजे साम्राज्य बुडाल्यावर शंभर वर्षांनी, रूढ होऊ लागली.

‘रोमन’ ही ओळख मात्र ‘रूम’ या रूपाने आपल्यापर्यंतही पोहोचली आहे. विजापूरच्या बुरुजावरील, जबड्यात हत्ती धरलेल्या सिंहमुखाची मुलुखमैदान तोफ १५४९मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि ती ओतणाऱ्या कारागिराच्या नावापुढे ‘रूमी’ असे लागते. हा कारागीर अर्थातच ऑटोमन मुलखातला. पण त्या मुलखाला ‘रूम’ हे नाव पडले ते या पूर्व रोमनांमुळेच.

– एक वाचक, पुणे