वहीतली ‘फेरी रद्द’

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्याने लिहिणाऱ्यांसाठी आलेला सल्ला वाचला. रोज पहाटे उठा, एकाच जागी बसा, ठरलेले शब्द पूर्ण करा, एक दिवस खंड पडला तरी सवय मोडते, असे त्यात होते. सल्ला देणाऱ्यांना तो लागू पडला असेल. मी एसटीत ३३ वर्षे वाहक होतो. आमची पहाट कधी गारगोटीच्या स्टँडवर, कधी परगावी गाडीतच उजाडायची, आणि पुढच्या आठवड्यात कुठे उजाडणार ते ड्युटीचा तक्ता लागल्यावर कळायचे. म्हणून हे पत्र.

मला लिहायची सवय लावली ती पाटगावच्या वस्तीच्या गाडीने. रात्री गाडी लावून चालक मागच्या लांब सीटवर आडवा झाला की मी पैसे मोजायचो, हिशेब जुळवायचो आणि त्याच पेनाने शंभरपानी वहीत दिवसातले काहीबाही लिहायचो. पिशवीतल्या कोंबडीला तिकीट कशाला, म्हणून भांडलेली म्हातारी. परीक्षेला उशीर झाला म्हणून रडणारा पोरगा आणि त्याच्यासाठी मधल्या दोन थांब्यांवर न चढता गाडी सोडून देणारी माणसे. पावसाळ्यात टपावर असा पाऊस वाजायचा की स्वतःचा खोकलाही ऐकू येत नसे. साहित्यबिहित्य नव्हते ते. पण चुकले की चुकल्यासारखे वाटायचे.

संपात ही सवय गेली. २०२१च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप २०२२च्या एप्रिलमध्ये मिटला. त्या काळात पगार नव्हता. भावाच्या शेतात राबलो, एका दुकानात गोण्या उतरवल्या. लोक म्हणतात वेळ नसतो म्हणून लिहिणे होत नाही. माझ्याकडे संध्याकाळच्या संध्याकाळ पडून होत्या, हात चालत नव्हता. वही उघडली की कुणाचे किती देणे आहे याचीच बेरीज व्हायची.

तेव्हा वेबिल, म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आठवले. तिकिटांचा ट्रे काखेत असायचा त्या काळी आम्हाला टप्प्याटप्प्याला वेबिलावर तिकिटांचे नंबर टिपावे लागत. एकही माणूस चढले नसले तरी टिपायचेच. तपासणीवाला मध्येच गाडीत चढला आणि नोंद नसली, तर गाडी मोकळी होती हे सांगून भागत नसे. मी वहीत तसेच रकाने आखले : तारीख, कुठून, कुठे, आणि शेवटी एक रुंद रकाना. ज्या दिवशी काही सुचले नाही त्या दिवशी त्यात ‘फेरी रद्द’ लिहायचे आणि पुढे कारण द्यायचे. कारणाशिवाय फेरी रद्द करायची नाही, एवढाच नियम.

पहिली कारणे दोन शब्दांची आहेत. ‘डोके बंद.’ ‘पाठ धरली.’ एकदा नुसते ‘भांडण’. मार्चपर्यंत एकेक कारण चार-पाच ओळींवर गेले. मी लिहीत होतो हे मलाच उशिरा कळले.

त्याच वर्षी निवृत्त झालो आणि घरी बसायच्या आतच हिचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा कोल्हापूर, पन्नासेक किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. ज्या गाडीत आयुष्यभर उभा राहिलो तिच्यात हिच्या शेजारी बसून जायचो. तिकीट काढताना प्रत्येक वेळी चुकल्यासारखे व्हायचे. एका रात्री हिने विचारले, आज काय लिहिलं? मी म्हटले, फेरी रद्द. ही म्हणाली, “मी चार तास मशीनला पडून हुतो, ती काय मोकळी गाडी हुती व्हय?”

दुसऱ्या दिवसापासून शेवटचा रकाना तिचा. शेजारच्या खाटेवरची बाई काय म्हणाली, पाणी मोजून प्यायचे म्हणजे काय असते, कुठल्या सिस्टरचा हात हलका आहे. ती सांगायची, मी उतरवून घ्यायचो, आणि मी कुठे सुधारायला गेलो तर चिडायची. २०२३च्या श्रावणात ती गेली. त्यानंतरच्या चाळीस दिवसांच्या रकान्यात फक्त ‘फेरी रद्द’ आहे. कारण एकदाही लिहिलेले नाही. माझा नियम तेवढा एकदाच मोडला.

आता मोशीला मुलाकडे असतो. फ्लॅट चांगला आहे, सूनबाईंनी खिडकीशी टेबलही दिले आहे, पण तिथे बसले की झोप येते. म्हणून सकाळी नातीला शाळेच्या गाडीत बसवून परतताना बसथांब्याच्या बाकावर टेकतो. इंजिनाचा आवाज कानावर पडला की बरे सुचते. दोन-तीन वाहक आता ओळखीचे झाले आहेत. गाडीत चढत नाही हे ठाऊक असूनही विचारतात, “काका, येताय का?”

पुरवणीत पुन्हा असा लेख येणार असेल तर पाळीच्या नोकरीतल्या, आजारपण काढणाऱ्या, बदलीच्या गावी सामान सोडत बसलेल्या माणसांनाही विचारावे. त्यांच्या वह्यांत गाळलेले दिवस दिसतील. ते दिवस कसे भरले, हे वाचायला मला आवडेल.

हे पत्र उतरवायला तीन सकाळी लागल्या. त्या तिन्ही तारखांपुढे वहीत ‘जादा गाडी’ अशी नोंद केली आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
मोशी (मूळ तालुका भुदरगड, जि. कोल्हापूर)