ताई, तुमचं नाव विचारायचं राहिलं

ताई,

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. जूनचा पहिला आठवडा, सिंगापूर, सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओ म्हणजे राइडचं मोठं पार्क, त्यातली ट्रान्सफॉर्मर्स राइडची रांग. तुम्ही आमच्या पुढे होतात. हातात जांभळी छत्री, बरोबर चौदा-पंधरा वर्षांचा भाचा. आम्ही सांगलीचे. तुमच्या मागे उभे राहून मराठीत भांडणारे ते आम्हीच.

त्या भांडणाबद्दल आधी माफी मागते. परदेशात आपलं बोलणं कुणाला कळत नाही अशा समजुतीत माणूस काय वाट्टेल ते बोलतो. माझ्या माहेरच्यांचा जो उद्धार झाला, तोही तुम्ही ऐकला असणार. पण भांडणाचं मूळ तुम्हाला कळायला हवं.

आमच्या टूरवाल्याने दिलेल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'युनिव्हर्सल स्टुडिओ, एक्स्प्रेस समाविष्ट.' आम्ही समजलो ती रांग टाळायची एक्स्प्रेस. त्यासाठी माणशी जादा पैसेही वाजवून घेतले होते त्याने. गेटवर तिकिटं दाखवली तर ती साधी. फोन लावला, तर पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर, "वहिनी, सेंटोसा एक्स्प्रेस हो. ती मोनोरेल. आलात ना बसून?"

आलो होतो बसून. चार डॉलरची मोनोरेल!

वर आम्हाला सांगितलेलं, जूनमध्ये गर्दी नसते, शाळा सुरू होतात. होतात की, पण आपल्याकडे. तिथल्या शाळांना मे संपता संपता सुट्टी लागते ती जवळजवळ जूनभर असते, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. म्हणजे अख्खं सिंगापूर पोराबाळांसकट बाहेर पडलेलं असताना आम्ही 'ऑफ सीझन'ला पोचलो होतो. खरी एक्स्प्रेस खिडकीवर विकत मिळत होती. अहोंनी त्या दिवसाचा भाव विचारला, मनातल्या मनात पाच जणांचा गुणाकार केला आणि पाकीट निमूटपणे खिशात परत ठेवलं. टूरवाल्याला पुन्हा फोन केला तेव्हा त्याने काय सल्ला दिला, तर "पुढे घुसा की हो. कोण काय बोलतंय?"

आम्ही घुसलो नाही. उभे राहिलो. बोर्डावर 85 मिनिटं लिहिलेली. चाळीस झाली तरी वळणांमागून वळणंच येत होती. धाकटा पाच वर्षांचा, आत राक्षस असणार म्हणून आधीच आजीला चिकटलेला. लेकीला दर पाच मिनिटांनी "किती राहिलं?" आणि सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. त्यांना बाकावर बसा म्हटलं तर "आषाढीला दर्शनबारीत रात्र काढलेली बाई आहे मी, मला काय सांगतेस?" त्यावरून अहो मला बोलले, मी त्यांना बोलले आणि पुढचं तुम्ही ऐकलंच.

मग तुम्ही वळलात. म्हणालात, "रागावणार नसाल तर एक सांगू? या रांगेतून बाहेर पडा."

चाळीस मिनिटं उभं राहिल्यावर बाहेर पडा! सांगली स्टँडवर तासभर एसटीची वाट बघितलेल्या माणसाला रिक्षा कर म्हणून सांगून बघा. तो आणखी तासभर उभा राहील, पण हलणार नाही. आम्हीही हललो नसतो. पण तुम्ही वाद घातला नाहीत. तुमचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच, सासूबाईंच्या पायांकडे होतं. "काकू, बूट नवे आहेत का हो?"

होते ना. टूरसाठी मुद्दाम घेतलेले. सहावारी साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, खास सुनेची निवड. घरी चार पावलं चालून "छान आहेत" म्हणाल्या होत्या. तुम्ही त्यांना रांगेतून बाहेर काढून बाकावर बसवलंत, खाली उकिडव्या बसलात आणि डावा बूट काढलात. मोज्यावर रक्ताचा रुपयाएवढा डाग. टाच सोलवटून निघालेली. सकाळपासून आम्ही दोघं फक्त बोर्डावरची मिनिटं बघत होतो. ती टाच कुणीच बघितली नव्हती आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर नातवंडांची मजा गेली असती.

सासूबाई पाय मागे घेत होत्या. "अगं बया, पाय काय धरतेस? ऊठ बघू." तुम्ही म्हणालात, "आईचे नाही का धरत?" पर्समधून चिकटपट्टी काढलीत. आधी ओल्या रुमालाने टाच पुसलीत, वाळायला फुंकर घातलीत, मग पट्टी लावलीत आणि तिच्यावर आडवी दुसरी, बुटाने निघू नये म्हणून. मोजा उलटा करून घातलात, शिवण बाहेर ठेवून. हे मला चाळिशीतही माहीत नव्हतं.

मी शेजारी पाण्याची बाटली धरून नुसती उभी होते. त्या वेळी मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. लाज होती, एवढं नक्की.

पुढचं सगळं त्यामानाने सोपं होतं. एकेकटं बसायला तयार असणाऱ्यांची निराळी रांग असते, त्यांना रिकाम्या राहिलेल्या एकेका जागेवर भरतात, हे तुम्ही सांगितलंत. सासूबाईंना ते आमच्या आधी उमगलं. "म्हणजे मुखदर्शनाची रांग. पायावर डोकं ठेवायला मिळत नाही, पण विठोबा दिसतो." तुम्ही इतक्या हसलात की भाचा बिचारा लाजला. मग त्याला एकट्याला राइडला पाठवून तुम्ही म्हणालात, "तुम्ही तिघं जा, मी बसते काकूंपाशी." स्वतःची रांग तुम्ही आमच्यासाठी सोडलीत, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी आलं!

पंधरा-वीस मिनिटांत आम्ही आत होतो. लेक कुठल्याशा चिनी कुटुंबात जाऊन बसली, अहो वेगळ्या गाडीत, मी तिसऱ्याच. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, माझ्या शेजारच्या आजी तुझ्यापेक्षा जोरात ओरडत होत्या." बाकाकडे बघितलं तर सासूबाई तुम्हाला आमच्या नणंदेच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या आणि धाकटा तुमच्या छत्रीखाली झोपला होता.

तुम्ही कागद मागितलात. माझ्याकडे होता तो टूरवाल्याचाच. त्याच्या पाठीमागे तुम्ही बॉलपेनने सहा ओळी लिहून दिल्यात. तो कागद आता आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. पुढच्या बाजूला 'एक्स्प्रेस समाविष्ट', मागच्या बाजूला तुमचं अक्षर. 'ममीची राइड: उंची 122 सेंमी लागते, धाकट्याला तिथे नेऊच नका, रडेल.' 'आजी आणि नातू: पार्कातल्या न्यूयॉर्क नावाच्या भागातली स्पॅगेटीची राइड, बसून.' 'बाकी कुठेही उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी असते, आधी तिथे उभं करा.' आणि चौथी ओळ, जिच्यावर आमचा विश्वास बसला नव्हता, 'दुपारी पाऊस येईल. विजा असल्या की उघड्यावरच्या राइड बंद करतात. घाबरून हॉटेलवर जाऊ नका. थांबला की थेट लॉस्ट वर्ल्ड.'

तीन वाजता आभाळ फाटल्यासारखा आला. लोक पाठ फिरवून बाहेर निघाले, उरलेले छपराखालच्या रांगांत घुसले. आम्ही वळचणीला उभे राहिलो. पाऊस थांबल्यावर लॉस्ट वर्ल्डमधल्या त्या गोल तराफ्यातल्या राइडला गेलो तर दहा मिनिटांत नंबर. पाण्यात भिजायला लोक नाखूश असतात, पण आम्ही आधीच चिंब होतो. सासूबाई काठावरच्या बाकावरून हात करत होत्या, पाय पुढे पसरून, बूट बाजूला काढून ठेवलेले.

आता एक मनातलं बोलते. घरी आल्यावर ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिला प्रश्न केला, "जाण्याआधी मोबाइलवर बघितलं नाही का?" आमचे एक दीर मागच्याच वर्षी तिथे जाऊन आलेत. आम्ही निघण्याआधी त्यांनी चाळीस फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'मस्त आहे, नक्की जा.' रांगेविषयी एक अक्षर नाही. परवा म्हणतात, "हे सगळं मला माहीत होतं की." असेल. तुम्ही मात्र तो प्रश्न केला नाहीत. आम्ही किती बावळट ठरलो होतो ते स्पष्ट दिसत होतं, तरी तुम्ही ते आम्हाला जाणवू दिलं नाहीत. आणि कुणाला कोपर न मारता, कुणाची जागा न घेता वाट काढता येते हे माझ्या पोरांनी त्या दिवशी बघितलं. तेही आमच्या टूरवाल्याचं 'घुसा की हो' ऐकल्यावर तासाभरात.

टूरवाल्याकडे एक्स्प्रेसचे पैसे परत मागितलेत. "बघू" म्हणालाय. सासूबाई म्हणतात, त्याला तो कागद मागच्या बाजूने दाखव.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. निघताना सासूबाईंनी तुमच्या हातात भडंगचं पाकीट कोंबलं आणि तुम्ही ते डोक्याला लावून घेतलंत. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तरी त्यांनी ते साडीच्या घडीत दडवून आणलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. पण ताई, ते पाकीट फोडलेलं होतं, निम्मंअधिक आम्ही संपवलेलं. हॉटेलवर पोचल्यावर सासूबाईंच्या लक्षात आलं तेव्हापासून मला रोज ऐकवतात, "पोरीला उष्टं दिलंस." दिलं त्यांनी, नाव माझं. तेव्हा हे वाचून ओळख पटली तर पत्ता कळवा. किलोभर घेऊन ठेवलंय, बांधलेलं आहे, फोडलेलं नाही.

तुमची,
सांगलीची भांडकुदळ बाई