समासातली दोन सालं

ती. काका,
सा. न. वि. वि.

खरं तर वरच्या मजल्यावर येऊन आभार मानता आले असते. पण तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणत चहाचं आधण ठेवलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून हे उघड पत्र.

सोसायटीच्या गणेशोत्सव स्मरणिकेतला ठाण्यावरचा लेख माझ्या गळ्यात पडला, तेव्हा मी बेधडक ठोकून दिलं होतं, ‘मुंबईच्या धर्तीवर ठाण्यातही मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं.’ तुम्ही वाचलंत, समासात पेन्सिलीने 1893 आणि 1898 एवढंच लिहिलंत आणि कागद परत दिलात. पहिलं साल ठाण्याचं, दुसरं मुंबईचं, हे मला शोधाशोध केल्यावर कळलं. म्हणजे पाच वर्षं आधी आपण! दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून आले तर म्हणालात, ‘1853 साली गाडी तिकडून इकडे आली, म्हणून सगळंच तिकडून आलं असं नाही.’

मग मात्र तुम्ही खुललात. तुम्ही नोकरीभर वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर बसलेले. 1 जून 1893 ला ठाण्याचं ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्यांतले वि. ल. भावे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे, हे तुम्ही घरच्या मुलाचं कौतुक करावं तसं सांगितलंत. त्या काळी गावोगावच्या नेटिव्ह जनरल लायब्रऱ्यांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा; यांनी मराठीच ग्रंथ जमवायचा ध्यास घेतला. भाव्यांचा धंदा मिठाचा. ठाण्याच्या दमट हवेत मीठ आणि कागद दोन्ही सांभाळायचे म्हणजे माणूस हट्टीच हवा, नाही का?

आणि ते जुनं पुस्तक. मी सवयीने बोटाला थुंकी लावली, तर तुम्ही माझा हात धरलात. पान वरच्या कोपऱ्याखाली बोट सरकवून, तळव्यावर तोलत कसं उलटायचं ते दाखवलंत. डांबरगोळीचा वास दोन दिवस ओढणीला होता. एवढ्या वर्षांत मला वाचायला पुष्कळांनी सांगितलं, पान उलटायला कुणीच शिकवलं नव्हतं.

लेखातलं ते वाक्य खोडलं. स्मरणिकेच्या दोन प्रती तुमच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवल्या आहेत. सालं बरोबर छापली आहेत, मी तीनदा तपासली. फक्त सातव्या पानावर ‘ग्रंथ’वरचा अनुस्वार उडालाय. पेन्सिल असेलच हाताशी.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची