पडद्यावरचं जग टेबलावर मांडताना

मा. संपादक,
स. न.

सुट्ट्या लागल्या की पोरांच्या मोबाईल गेमवरून घरोघरी वाद होतात. त्यातलीच काही पोरं आवडत्या गेमचं जग वही, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलावर खेळू पाहतात. चौघं आपापलं पात्र सांभाळतात, पाचवा सूत्रधार, म्हणजे गेम मास्टर होऊन बाकीचं सगळं जग चालवतो. कल्पना झकास, पण असे डाव बरेचदा दुसऱ्या बैठकीतच गळपटतात. गेममधले आकडे जसेच्या तसे वहीत उतरवले जातात, तिथंच घोडं पेंड खातं.

साधा हिशेब बघा. पडद्यावरच्या राक्षसाची ताकद ३०००, तलवारीचा घाव १८०. म्हणजे १७ घाव. बोटं चालवणाऱ्याला अर्ध्या मिनिटाचं काम. टेबलावर निम्मे वार हुकतात असं धरलं तर १७ घावांसाठी ३४ वार लागतात, चौघांच्या साडेआठ फेऱ्या. काय करायचं ते ठरवणं, फासे टाकणं, सूत्रधाराचं वर्णन, यात एक फेरी सहज दहा मिनिटं खाते. एका राक्षसापायी जवळपास दीड तास! तिसऱ्या-चौथ्या फेरीला पोरांनी मोबाईल काढला तर दोष त्यांचा नाही.

म्हणून उलटीकडून मोजावं. लढाई तीन-चार फेऱ्यांत उरकायला हवी. चौघांचे मिळून साधारण १४ वार, त्यातले ७ लागणार. प्रत्येक लागलेल्या घावाला साधा सहा बाजूंचा एक फासा टाकायचा; त्याची सरासरी ३.५, म्हणजे सात घावांचे २४-२५. झालं, राक्षसाची ताकद २४ लिहा आणि मूळचे ३००० विसरून जा. एकट्या राक्षसाचा आणखी एक घोळ असतो: तो एकदा मारतो तोवर चौघं चार वार करून मोकळे. अशा वेळी त्याची ताकद वाढवली तर लढाई नुसती लांबते, रंगत नाही. त्यापेक्षा दर दोन खेळाडूंनंतर त्याला एक चाल द्यावी आणि निम्मी ताकद गेली की त्याचं वागणं बदलावं: छत पाडेल, साथीदारांना हाक मारेल, नाहीतर सरळ पळ काढेल.

अशा खेळांत वापरतात तो वीस बाजूंचा फासा तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. ल्युडोचे दोन फासे पुरतात. बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर काम होतं, पण काहीतरी मोजून. ६ किंवा कमी आली की अडचण. ३६ शक्यतांपैकी यांच्या वाट्याला अनुक्रमे ६, १५ आणि १५ येतात. मधला १५चा गठ्ठा हाच खेळाचा जीव आहे. कुलूप उघडतं, पण पहारेकरी जागा होतो. लेव्हल वाढवत नेण्याची हौस इथं महागात पडते. लेव्हल वाढली म्हणून फाशांच्या बेरजेत १ मिळवला की अडचणीच्या शक्यता १५वरून १०वर येतात, ३ मिळवले की अवघ्या ३ उरतात. मग फासे टाकायचे तरी कशाला? सुरुवातीला २च्या वर कुणालाही देऊ नये.

पडद्यावर मेलं की मागच्या सेव्हपासून पुन्हा सुरू. टेबलावर ती सोय नाही, आणू पण नये. मात्र हरणं म्हणजे दर वेळी मरणं असंही नको: कैद होऊ द्या, हत्यार जप्त होऊ द्या, कुणाचं तरी देणं डोक्यावर बसू द्या. पिशवीत ९९ औषधं कोंबायचीही बंदी; सामानाला दहा खण पुरेत.

गेममधून घ्यायची ती माणसं, गट आणि त्यांची भांडणं. एका पानावर तीन ठिकाणं आणि तीन गट. प्रत्येक गटाला काय हवंय आणि कशाची धास्ती आहे, एकेक ओळ. अख्खं ओपन वर्ल्ड, म्हणजे गेममधलं मोकळं फिरता येणारं सगळं जग, उतरवायला बसलेला सूत्रधार पहिल्या बैठकीपर्यंत पोचतच नाही. काळ मूळ कथेच्या वीसेक वर्षं आधीचा किंवा नंतरचा धरावा, नाहीतर गेम संपवलेला एखादा ‘तो राजा शेवटी फितूर निघतो’ म्हणत सगळ्यांची मजा घालवतो. ज्यांची सगळी गंमत बोटांच्या चपळाईत आहे, ते नेमबाजीचे आणि उड्या मारायचे गेम मात्र सोडून द्यावेत. द विचर आणि फॉलआउट हे व्हिडिओ गेम टेबलावर येऊ शकले, अनुक्रमे २०१८ आणि २०२१ मध्ये, ते त्यांच्यात निवडी भरपूर म्हणून. सायबरपंक या खेळाचा प्रवास तर उलटा: टेबलावर १९८८, पडद्यावर २०२०.

ठिकाणांसाठी आपल्याकडे नमुन्यांची वानवा नाही. देवगिरी घ्या. खंदक, तो ओलांडायला अरुंद वाट, मग अंधारी: वळणावळणाचा, पायऱ्यांचा काळोखा बोगदा आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर कोंडायची सोय. गेममध्ये पडदा काळा केला की भीती वाटते; टेबलावर ‘खूप अंधार आहे’ म्हटल्यानं कुणी दचकत नाही. तिथं पेच लागतो. मशाल तीनच वळणं पुरेल. पेटती ठेवली तर वरचा पहारा सावध होईल, विझवली तर प्रत्येक वळणाला फासे. कागदावर धुराची सहा घरं काढा, प्रत्येक अपयशाला एक भरा; सहावं भरलं की गुदमरणं सुरू. माघार घ्यायची की पुढं जायचं, यावरून पोरं आपसात भांडतात, आणि सूत्रधाराला गप्प बसून ऐकता येतं.

तालुक्याच्या वाचनालयांनी रविवारी दुपारी तीन तास एक टेबल आणि पाच खुर्च्या द्याव्यात, एवढी विनंती. थोडी बोलाचाली होईल, म्हणून अभ्यासिकेपासून लांबची खोली बरी.

राहता राहिला हक्कांचा प्रश्न. घरात, मित्रांत खेळायला अडचण नसते. गेममधली नावं-चित्रं घालून पुस्तिका विकायची तर कंपनीची परवानगी हवी. स्वतःचं जग रचून मराठी नियमपुस्तक काढायचं असेल, तर डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा पायाभूत नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. त्याचं भाषांतर करून विकताही येतं. फक्त श्रेयाची ओळ पुस्तकात छापावी लागते.

आपले,
काही सूत्रधार, परभणी